नैसर्गिक आपत्ती, अफवा आणि स्थानिक वृत्तपत्रे : एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :
नैसर्गिक आपत्तीत दळणवळण खंडित होते आणि माहितीची जागा अफवा घेतात. अशा वेळी वृत्तपत्र समाजातील पूर्वग्रहांना बळ देते की त्यांना आवर घालते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात तीन घटनांच्या आधारे केला आहे.

टोकियो, १९२३ :
१ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतील बहुतेक वृत्तपत्रांची कार्यालये जळाली. जपानमध्ये तेव्हा नभोवाणी सुरू झालेली नव्हती. कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत, आगी लावीत आहेत, अशा अफवा पसरल्या. गृहखात्यानेच त्यांना दुजोरा दिला व अनेक वृत्तपत्रांनी त्या छापल्या. परिणामी जमाव, पोलीस व सैनिक यांच्या हातून हजारो कोरियन मारले गेले. अफवा छापून आल्या; हत्याकांडाच्या वार्तांवर मात्र ऑक्टोबरपर्यंत बंदी होती.

न्यू ऑर्लिन्स, २००५ :
अमेरिकेतील या शहराच्या 'टाइम्स-पिकायून' दैनिकाने महापुराच्या धोक्याची सूचना २००२ मधील लेखमालेतून दिली होती. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ धडकल्यानंतर छपाई बंद पडली, तेव्हा त्याने इंटरनेटवरून अंक काढले. तथापि सुपरडोम या निवारास्थळी खून होत असल्याच्या वार्ता त्याच्याही पानांवर आल्या. तेथील आश्रितांत गरीब कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती. २६ सप्टेंबर रोजी याच दैनिकाने शोध घेऊन, सुपरडोममध्ये खुनाचा एकही बळी आढळला नाही, असे प्रसिद्ध केले.

इशिनोमाकी, २०११ :
११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आलेल्या त्सुनामीनंतर 'इशिनोमाकी हिबी शिंबुन' या स्थानिक दैनिकाची छपाई बंद पडली. पत्रकारांनी सहा दिवस मोठ्या कागदांवर हाताने वार्ता लिहून त्या निवाराकेंद्रांत लावल्या. अचूक माहितीच्या आधारे वागावे, हे आवाहन पहिल्याच अंकात होते.

समारोप :
अफवेचा रोख कोणाकडे वळेल, हे आपत्ती ठरवीत नाही. समाजात आधीपासून मुरलेला संशय ते ठरवितो. साधनांच्या प्रगतीने हा धोका टळत नाही. न्यू ऑर्लिन्सकडे इंटरनेट होते, इशिनोमाकीकडे केवळ कागद आणि लेखणी. निर्णायक ठरते ती वार्ता पडताळण्याची शिस्त आणि चूक उघडपणे दुरुस्त करण्याचे स्वातंत्र्य. म्हणून आपत्तीच्या इतिहासात मृतांच्या संख्येबरोबरच कोणती वार्ता छापली गेली, कोणती दडपली गेली व कोणती दुरुस्त झाली, याचीही नोंद व्हावयास हवी.