डुक्कर फियाट ते पद्मिनी

केवळ जुनी झाली म्हणून कोणतीही मोटार क्लासिक ठरत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांची वाट भंगारवाल्याकडेच जाते. संग्राहक शोधतात ती आपल्या काळाची ओळख बनलेली आणि मूळ रूपात वाचलेली गाडी. मुंबईची फियाट अशीच एक.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकी गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पन्नाशीच्या दशकात फियाट 1100 इथल्या रस्त्यांवर आली. तिच्या गोलमटोल आकारामुळे महाराष्ट्रात तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणू लागले. 1964 मध्ये आलेली डिलाइट तिच्यापेक्षा चौकोनी होती. तिचेच नाव पुढे प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी झाले. लोकांच्या तोंडी मात्र ती फियाटच राहिली.

इटलीत हे मॉडेल 1966 मध्येच मागे पडले होते. कुर्ल्यात ते जवळपास शतक संपेपर्यंत बनत राहिले, कारण परवानाराजात गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, उत्पादनावर सरकारी मर्यादा आणि आयात जवळजवळ बंद. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. हाती आलेली गाडी मग घरातल्या माणसासारखी जपली जाई, बापाकडून मुलाकडे जाई. निवडीच्या या अभावानेच एका अख्ख्या पिढीच्या आठवणीत एकच गाडी रुतून बसली. फियाटच्या मागच्या सीटवर वाढलेली मुले कमावती झाली आणि तिला मागणी आली. तोवर मारुतीने बाजार व्यापला होता. फियाट रोजच्या वापरातून गेली होती.

मुंबईत पद्मिनी हजारोंच्या संख्येने काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली, पण या टॅक्सींपैकी संग्रहात ठेवण्याजोग्या थोड्याच. टॅक्सी ही पोटाची सोय; तिच्यात सीएनजी बसला, पत्रा पुन्हापुन्हा ठोकला गेला, हाताला लागेल तो सुटा भाग जोडला गेला. म्हणून जाणकार आधी मूळ 1089 सीसीचे पेट्रोल इंजिन, पुढची सलग सीट आणि स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा पाहतात. शेवटच्या मॉडेलांत हा दांडा खाली दोन सीटांच्या मध्ये गेला. तो बदल सोयीचा होता, पण गाडीचा खरा स्वभाव जुन्या दांड्यातच होता. 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपताच 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला मात्र चालत नाही. डुक्कर फियाटने ही वयाची अट कधीच ओलांडली आहे. 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी ती 2024 मध्ये पूर्ण केली.