आपानच्या पठारावरील पुल्केचे वाडे

मेक्सिको शहराच्या ईशान्येस, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर उंचीवर, आपान या गावाभोवती जे कोरडे, वाऱ्याने झोडपलेले पठार इदाल्गो आणि त्लास्काला या प्रांतांत पसरले आहे, त्यावरून जाणाऱ्या प्रवाशाला मैलोगणती ओसाड रान ओलांडल्यावर एकाएकी बुरुज, कंगोरे, घंटाघर आणि प्रार्थनामंदिर यांनी मंडित असा एखादा विशाल वाडा समोर दिसतो, आणि एवढे वैभव पोसण्याजोगे या भूमीत पिकत तरी काय असावे, असा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही. ऊस नाही, कापूस नाही, बारमाही नदी नाही. पिकत असे ती मागेय. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला लावतात त्या घायपाताच्या कुळातली, परंतु पुरुषभर उंच होणारी वनस्पती. तिचा रस आंबवून केलेली पुल्के हेच या वाड्यांचे मुख्य उत्पन्न होते.

मागेय जन्मात एकदाच फुलते, तेही दहाएक वर्षांची झाल्यावर. फुलोऱ्याचा दांडा वर येण्याच्या बेतात असताना जाणता कामगार तिचा गाभा कापून काढतो, आणि फुलासाठी साठवलेला सारा रस त्या पोकळीत पाझरू लागतो. मग त्लाचिकेरो, म्हणजे रस काढणारा कामगार, गाढव घेऊन सकाळ-सायंकाळ येतो, लांबट भोपळ्याच्या पोकळ तुंब्याने तोंडाने ओढून रस काढतो, पोकळीची आतली बाजू लोखंडी हत्याराने पुन्हा खरवडतो आणि वर दगड किंवा पात ठेवून पुढच्या झाडाकडे वळतो. तीन ते सहा महिने रोज काही लिटर रस देऊन झाड वाळते. रस आंबला की दुधासारखा पांढुरका व काहीसा बुळबुळीत होतो. मद्यांश बिअरहून फारसा अधिक नसतो. मात्र आंबणे एकदा सुरू झाले की ते थांबत नाही. पहाटे उतरवलेली माडी दुपारपर्यंत कशी पालटते हे कोकणात ज्याने पाहिले असेल, त्याला पुल्केचा स्वभाव निराळा सांगावयास नको. हा नाशिवंतपणा ध्यानात ठेवला तरच त्या वाड्यांचा इतिहास उलगडतो.

अॅझ्टेक राज्यात पुल्के हे देवकार्याचे पेय होते. मायावेल ही तिची देवता, आणि तिच्या धुंदीचे अधिपती म्हणून चारशे सशांची कल्पना त्या लोकांनी केली होती. वृद्धांना ती पिण्याची मुभा असे, इतरांच्या मद्यधुंदपणाला मात्र देहान्तापर्यंत शासन होते. स्पॅनिश अंमल आला आणि हे निर्बंध ढिले पडले. देवाचे पेय बाजारात आले आणि बाजारापाठोपाठ जकातीचे नाके आले. १६९२ साली धान्यटंचाईमुळे राजधानीत मोठा दंगा झाला आणि व्हाइसरॉयचा राजवाडा जळाला, तेव्हा सरकारने दोष पुल्केवर टाकून तिच्यावर बंदी घातली. परंतु १६९७ साली ती उठवावी लागली, कारण या महसुलावाचून तिजोरीचे भागेना. अबकारी खात्यांचा नीतिबोध सर्व देशांत सारखाच असतो, असे म्हणावयास हरकत नाही. जेझुइट पाद्र्यांनीही आपल्या विद्यालयांच्या खर्चासाठी जमीनदाऱ्या बाळगल्या व त्यांतील मागेयाच्या लागवडीचे उत्पन्न निःसंकोच घेतले. १७६७ साली त्या पंथाची हकालपट्टी झाली आणि १७७६ साली त्यांच्या कित्येक जमिनी चांदीच्या खाणींवर गबर झालेल्या पेद्रो रोमेरो दे तेर्रेरोस याने विकत घेतल्या.

तथापि आज जे भव्य वाडे दिसतात ते बहुतांशी त्या काळचे नव्हेत. ते आगगाडीचे अपत्य आहेत. खेचरांच्या पाठीवरून कातडी पखालींत जाणारा माल वाटेतच बिघडे, म्हणून दूरचा मळा कितीही मोठा असला तरी त्याला शहर दूरच राहत असे. १ जानेवारी १८७३ रोजी राजधानी ते वेराक्रूझ हा लोहमार्ग खुला झाला, तो आपानच्या पठारावरूनच गेला, आणि रात्री भरलेली पिंपे सकाळी शहरातील गुत्त्यांवर उतरू लागली. जमीनदारांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. माजी राष्ट्राध्यक्ष मान्युएल गोन्झालेससारख्या तालेवारांनी येथे जमिनी केल्या, आणि पुढे राजधानीत स्वातंत्र्यस्तंभ उभारणाऱ्या अन्तोनियो रिवास मेर्कादो या वास्तुविशारदाने ओमेतुस्को व तेकाहेते येथील वाड्यांना नवे रूप दिले. ओमेतुस्कोचा मालक इग्नासियो तोर्रेस आदालिद याला लोक पुल्केचा राजा म्हणत. १९०९ साली अशा मोठ्या मालकांनी एक कंपनी काढून राजधानीतील वाहतूक व विक्री जवळजवळ मक्त्यानेच आपल्या हाती घेतली. जमीन, झाड, गाडी आणि गुत्ता या चारही गोष्टींवर एकाच मंडळींचा ताबा आल्यावर कंगोऱ्यांचे बुरुज बांधण्यास पैसा कोठून आला, हे निराळे शोधावे लागत नाही.

वाड्यात पाहण्यासारखे स्थळ म्हणजे तिनाकाल, आंबवणीचे दालन. येथे लाकडी चौकटींवर बैलांची कातडी ताणून केलेल्या टाक्या ओळीने मांडलेल्या असत. भिंतीवर एखाद्या संताची तसबीर, आणि आत येणाऱ्याने टोपी काढावी असा दंडक. जुन्या पुल्केचे विरजण नव्या रसात किती घालावे, हे तेथील मुख्य कारागीरच जाणे, आणि तो ते ज्ञान सहसा कोणाला देत नसे. स्त्रियांना आत मज्जाव होता, कारण त्यांच्या येण्याने रस नासतो अशी समजूत. आपल्या सोवळ्याओवळ्याच्या वाचकांना यात काही नवल वाटू नये. वाड्याच्या आवाराबाहेर काल्पानेरिया, म्हणजे मजुरांच्या खोल्यांची रांग. अशा जमीनदाऱ्यांत मालकाचेच दुकान असे. मजूर तेथून मका, कापड उधारीने घेई, मजुरी खतावणीत वळती होई, आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई.

१९१० साली सुरू झालेल्या क्रांतीने ही घडी विस्कटली. पुढे राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास याच्या कारकिर्दीत, १९३४ ते १९४० या काळात, जमिनींचे मोठ्या प्रमाणावर वाटप झाले. वाडा मालकाकडे राहिला, मळा गेला. मध्यंतरी १९३१ साली रशियन दिग्दर्शक आइझेनस्टाइन याने तेत्लापायाकच्या वाड्यात मुक्काम करून, बंडखोर मजुरांना खांद्यापर्यंत जमिनीत पुरून त्यांच्यावर घोडे घालण्याचा भीषण प्रसंग चित्रित केला. तो चित्रपट त्याच्या हातून पुरा झाला नाही. पुल्केचा घात मात्र क्रांतीपेक्षा बिअरने अधिक केला. बाटलीत टिकणारे पेय नाशिवंत पेयाला भारी पडले, पुल्के गावंढळ व अस्वच्छ आहे असा गवगवा झाला, आणि आपानच्या पठारावर मागेयाच्या रांगा उपटून जव पेरले गेले. ते जव बिअरच्याच कामी येते.

आज काही वाड्यांत अतिथिगृहे आहेत, काहींत लग्नसमारंभ होतात, काही ढासळत आहेत. जाणाऱ्याने दिवाणखान्यातील फ्रेंच सामानात फार गुंतू नये. तिनाकाल आणि काल्पानेरिया दाखवा, असे आवर्जून सांगावे, कारण न सांगितल्यास ती दाखवतीलच असे नाही. आणि पुल्के चाखावयाची असेल तर तेथेच, त्याच दिवशीची, मातीच्या भांड्यातून चाखावी. डबाबंद मिळते ती घेण्यात अर्थ नाही. आंबणे थांबवण्याच्या खटपटीत तिची चव गेलेली असते.