चेहरा जपणारे भिंग

येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीजवळ लग्नाचे एखादे जुने छायाचित्र आपल्या बहुतेक घरांत आढळते. मध्यभागी वधूवर स्पष्ट, त्यांच्या बाजूला आईवडील स्पष्ट. पण अगदी कडेला उभ्या असलेल्या एखाद्या बाईचा चेहरा पुसट झालेला. नातवंडे विचारतात, "ह्या कोण?" आणि सांगणारे कोणी उरलेले नसते. हा पुसटपणा का येतो, हे समजून घ्यायचे तर आपल्याला भिंगाच्या इतिहासात डोकवावे लागते.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली. तेव्हाची भिंगे इतका थोडा प्रकाश घेत की माणसाला कित्येक मिनिटे उन्हात निश्चल बसावे लागे. १८४० साली व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी खास व्यक्तिचित्रासाठी भिंगाची रचना गणिताने सिद्ध केली. आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील गणनकुशल सैनिकांचे साहाय्य मिळाले, आणि फॉइग्टलेंडर यांनी ते भिंग घडविले. त्याचे छिद्र एफ ३.६ इतके मोठे होते. आधीच्या भिंगापेक्षा ते पंधरा ते वीसपट प्रकाश घेई. त्यामुळे माणसाचे चित्र अंगणातून खोलीत आले. पण या लाभाला एक मर्यादा होती. त्या भिंगाने मध्यभाग रेखीव येई, कडा मात्र विरघळत. एका चेहऱ्याला हे शोभून दिसे. कुटुंबाच्या रांगेत मात्र कडेच्या माणसावर अन्याय होई.

घराच्या चार भिंतींतील प्रकाशाची साधना आपल्या खानदेशानेही पाहिली आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन परतले आणि सुमारे अर्धशतक जवळजवळ आपल्या घरातच राहिले. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी निसर्गदृश्ये उभी केली. खोलीतला प्रकाश थोडा असला तरी तो कोठून येतो हे ओळखले आणि धीर धरला, तर पुष्कळ साधते, हे त्यांच्या कामातून आपण शिकावे.

ईस्टरनंतर मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे लग्ने निघतात तेव्हा उन्हामुळे दारेखिडक्या लावून घ्याव्या लागतात. खोलीत एखादी ट्यूबलाइट. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फ्लॅश नको, अशी फादरांची सूचना असते. अशा वेळी घरातला हौशी छायाचित्रकार विचारतो, "भिंग कोणते घ्यावे?"

व्यक्तिचित्रासाठी ८५ मिलिमीटरचे, एफ १.८ छिद्राचे भिंग नावाजलेले आहे. ३६ × २४ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यावर ते लावून दोन मीटर अंतरावरून छिद्र पूर्ण उघडे ठेवले, तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. वधूचे डोळे रेखीव दिसतील, पण तिच्या खांद्यामागची आजी पुसट होईल. शिवाय चार मीटर रुंदीची रांग चौकटीत बसवायला या भिंगाला साडेनऊ मीटर मागे जावे लागते. ५० मिलिमीटरला साडेपाच, तर ३५ मिलिमीटरला चार मीटर पुरतात. आपल्या घरांची बैठकीची खोली केवढी असते, हे सांगायला नको.

म्हणून चर्चमध्ये दुरून चेहरे टिपायला ८५, घरातल्या मंडळींसाठी ३५ किंवा ५०, अशी विभागणी आम्हांला योग्य वाटते. कॅमेऱ्याची चौकट लहान असेल तर ५० मिलिमीटरचे भिंगच ७५ ते ८० सारखे चालते. मग घरातल्या समूहासाठी त्याहून आखूड भिंग हवे. कुटुंबाच्या चित्रासाठी छिद्र एफ ५.६ किंवा ८ पर्यंत लहान करावे आणि कॅमेरा तिपाईवर ठेवून सर्वांना क्षणभर स्थिर उभे राहायला सांगावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे सकाळी ऊन चढण्यापूर्वी सर्वांना ओसरीच्या सावलीत उभे करणे.

भिंगाच्या मर्यादा आपण ओळखू शकतो. कडेला कोणाला उभे करायचे, हे मात्र आपणच ठरवीत असतो. बहुधा तेथे विधवा आत्या असते, गावाकडचा गरीब मामा असतो, नाहीतर रात्रभर स्वयंपाकघरात राबलेली काकू असते. पुढच्या लग्नात निदान एका चित्रात त्यांना मध्यभागी बसवू या, आणि चित्राच्या मागे सर्वांची नावे लिहून ठेवू या. म्हणजे नातवंडांनी विचारले, तर त्यांना उत्तर मिळेल.