सिंहगडाकडे वळलेल्या अँटेना

आपण शाळेत होतो तेव्हा गावात टीव्ही किती आहेत हे कळण्याचा एक सोपा मार्ग होता. शाळेच्या गच्चीवर जायचे आणि कौलांवरच्या, पत्र्यांवरच्या अँटेना मोजायच्या. आपण पाचवीत असताना एका हाताची बोटे पुरत. दहावीला पोहोचेपर्यंत मोजणे सोडून द्यावे लागले. त्या सगळ्या अँटेनांची तोंडे एकाच दिशेला, वायव्येला असत, कारण नीरेच्या खोऱ्यातल्या आपल्या गावापासून त्या दिशेला, सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर सिंहगड आहे.

भारतात दूरचित्रवाणीची सुरुवात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रयोग म्हणून झाली. मुंबई केंद्र सुरू व्हायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडले. पुढच्याच वर्षी पुण्याला सहक्षेपण केंद्र मिळाले आणि मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून आसपासच्या मुलखात पोहोचू लागले. पुण्यातल्या माणसाला घरातल्या तारेवरही चित्र दिसे. आपण होतो त्या प्रक्षेपणाच्या काठावर. सिग्नल यायचा, पण थकून आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला उंचावर जाऊन घ्यावे लागे.

त्यासाठी वीस-पंचवीस फुटी लोखंडी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि खाली चपटी दुपदरी वायर. त्या रचनेला यागी अँटेना म्हणतात. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी ती 1926 च्या सुमारास जगापुढे मांडली. आपल्या विज्ञानाच्या सरांनी ती फळ्यावर काढून दाखवली होती: मागची लांब दांडी आरशासारखे काम करते, पुढच्या आखूड दांड्या लहरी गोळा करून मधल्या वळवलेल्या दांडीकडे देतात. दांडीची लांबी तरंगलांबीच्या साधारण निम्मी. मुंबईचे प्रक्षेपण साठ-पासष्ट मेगाहर्ट्झच्या आसपास असल्यामुळे मुंबईकडे तोंड केलेल्या अँटेनाची दांडी सव्वादोन मीटर भरे. दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या केंद्राला पाऊण मीटर पुरे. ‘तरंगलांबी’ हा शब्द परीक्षेपुरता न राहता आपल्याला कळला तो बहुधा त्या दिवशी.

बाकीचे शिक्षण गच्चीवर झाले. एक जण पाइप धरून वर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’, ‘गेलं!’, ‘थोडं मागं!’ हे संवाद आळीभर ऐकू जात. पडद्यावर मुंग्या आल्या तर सिग्नल कमी. एका माणसाची दोन माणसे दिसली तर लहरी डोंगरावर आपटून उशिराने येत आहेत, असा त्याचा अर्थ. पावसाळ्यात वारा अँटेना फिरवून जाई, उन्हाळ्यात तिच्यावर कावळे बसत. सगळे जुळून यावे आणि पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी लागावी, तेव्हा मात्र इलाज नसे.

ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांचे घर शनिवार-रविवारी आपले नसे. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपटाला सतरंजी अंगणापर्यंत जाई. ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘आमची माती, आमची माणसं’, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव हे सगळे आपण बहुतेकांनी दुसऱ्याच्या घरी पाहिले. कुणाच्या ओसरीवर कोण बसू शकते आणि कुणी दारातूनच पाहायचे, याचे गावातले जुने हिशेबही तिथे दिसले. काही घरांत ते त्याच टीव्हीपुढे हळूहळू पुसलेही गेले. आपल्या वर्गातल्या काही जणांना दारातून आत यायला दोन वर्षे लागली, हेही या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

आपण सातवीत असताना चित्र बदलले. 15 ऑगस्ट 1982 पासून रंगीत आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ भरले. 25 जून 1983 ची विश्वचषकाची अंतिम लढत लोकांनी थेट पाहिली. 1984 मध्ये देशभर इतकी लघुशक्ती केंद्रे उभी राहिली की काही महिने रोज सरासरी एक केंद्र सुरू होत होते. त्याच वर्षी राकेश शर्मा अंतराळातून पंतप्रधानांशी बोलले, ‘हम लोग’ सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंदिरा गांधींची अंत्ययात्रा गावाने निःशब्द बसून पाहिली.

यातले आपल्याजवळ काय उरले? त्या काळी पाहिलेले हातात राहत नसे. सुरुवातीचे कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाले आणि त्यांची फीत निघालीच नाही. जे मुद्रित झाले त्यातलेही बरेच गेले, कारण फीत महाग होती आणि जुने पुसून तिच्यावर नवे मुद्रित केले जाई. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. 18 जून 1983 रोजी इंग्लंडमध्ये टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद 175 धावा केल्या. त्या खेळीचे चलचित्र आजही उपलब्ध नाही. ती आहे ती धावफलकावर आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीत.

व्हीसीआर आला आणि ही अडचण काही घरांपुरती सुटली. अँटेनाची वायर आधी व्हीसीआरला, तिथून टीव्हीला, तीन तासांची कॅसेट आणि दोन बटणे एकदम दाबायची. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांनी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या जाळीला टेकवून फक्त आवाज घेतला. त्या कॅसेटमध्ये गाण्याबरोबर प्रेशर कुकरची शिट्टी आहे, ‘गप्प बसा रे’ म्हणणारी आजी आहे. दूरदर्शनच्या संग्रहात गाणे कदाचित सापडेल, आजी सापडणार नाही.

आता अँटेनाचा तो काळ अधिकृतपणे संपला आहे. 2021-22 मध्ये दूरदर्शनने जुन्या पद्धतीची जवळजवळ सर्व भूप्रक्षेपण केंद्रे बंद केली. फुकट टीव्ही संपलेला नाही. 2004 पासून सरकारी मोफत डिश आहे आणि तिचे तोंड आकाशातल्या उपग्रहाकडे आहे. मुंबईसारख्या काही शहरांत अंकीय प्रक्षेपण साध्या अँटेनावरही आले. पण आपल्या गावातल्या ॲल्युमिनियमच्या दांड्या भंगारात गेल्या. उरलेल्या पाइपांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्वांना, सर आणि बाईंनाही, एक विनंती आहे. माळ्यावर, ट्रंकेत, बेडच्या खणात जुन्या व्हिडिओ आणि ऑडिओ कॅसेट असतील तर त्या टाकून देऊ नका. फितीवरचा चुंबकीय थर दमट हवेत सुटतो, बुरशी लागते. व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू यंत्र मिळणे दर वर्षी अवघड होत चालले आहे. बुरशी दिसत असेल तर कॅसेट लावून पाहू नका, ती फीतही जाईल आणि यंत्रही. कोरड्या जागी उभी ठेवा, वर वर्ष आणि प्रसंग लिहा आणि मेळाव्याला येताना सोबत आणा. सगळ्यांच्या मिळून एकदाच संगणकावर उतरवून घेता येतील.

वरून लेबल ‘रविवारचा सिनेमा’ असेल. पण कॅसेट संपवायची म्हणून शेवटी आपल्या स्नेहसंमेलनाची वीस मिनिटे कुणी घेतली नसतीलच असे नाही. त्यात जे सर आणि जे मित्र आज आपल्यात नाहीत, ते बोलताना-चालताना दिसतील. तेवढ्यासाठी माळ्यावर चढायला हरकत नाही. गच्चीवर चढायची सवय आपल्याला आहेच.