चौकट खांद्याला लागते तेव्हा

साल 1926. तुम्ही प्रवरा नदीकाठच्या बेलापूरचे शेतकरी, वय पंचावन्न. वर भंडारदऱ्याचं धरण पुरं झालंय. पारावर ऊस आणि पाटपाण्याशिवाय दुसरा विषय नाही. दिवेलागणीला प्रवरेकडून घरी येता आणि उजव्या खांद्याला दाराची चौकट लागते. या महिन्यात कितव्यांदा तरी. चाळीस वर्षं याच दारातून ये-जा केली आहे. पण समोरच्या पिंपळावरचा राघू स्वच्छ दिसतो, मग नजर अधू कशी म्हणायची? शेजारी सांगतो, "मोतीबिंदू असेल. पिकू द्या, मग काढतील." दुखत काहीच नसतं. तुम्ही थांबता.

या थांबण्यानेच घात होतो, कारण हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूत गेलेली परत येत नाही. डोळ्यात तयार होणारं पाणी नीट झिरपून जात नाही, दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे दहाएक लाख धागे एकेक करून मरतात. आधी नजरेच्या कडा जातात, मधलं शेवटी.

अखेर आगगाडीने पुणं गाठता. डॉक्टर खाली बघायला लावतात आणि मिटल्या पापणीवर दोन्ही तर्जन्या ठेवून आळीपाळीने दाबतात. डोळा दगडासारखा. मग जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1851 साली शोधलेल्या यंत्रातून आत बघतात: नसेचं तोंड पांढरं, खोल वाटीसारखं. थेंब मिळतात, पण उशीर झालेला असतो.

आता ऐंशी वर्षं पुढे या. 2006, नागपूरजवळचं खेडं. डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या पथकाने तिशीच्या पुढच्या गावकऱ्यांना तपासायला घेतलंय. तक्रार असो नसो, सगळ्यांना. 2009 पर्यंत 4,711 जण तपासून झाले. रांगेत तुम्हीही आहात. त्यांनी बुबुळाची जाडीही मोजली. सरासरी भरली 514 मायक्रॉन. ही जाडी महत्त्वाची, कारण बुबुळ पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. दाबाचा आकडा बरा आला म्हणून डोळा निर्धोक ठरत नाही. काहींना तर सामान्य दाबातही काचबिंदू होतो. नस बघावीच लागते.

आणि आज. नजरेची कक्षा तपासणाऱ्या यंत्रावर हनुवटी टेकवून पांढऱ्या गोलाकडे एकटक बघताय. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मध्येच ठिपके थांबतात. यंत्र बंद पडलं की काय, असं वाटतं. ते चालूच असतं. तेवढा भाग तुम्हाला दिसत नाही, इतकंच. इथे डाग उमटतो तोवर नसेचे बरेच धागे गेलेले असू शकतात. 1991 साली जगापुढे आलेली ओसीटी तपासणी प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजते, म्हणून ती पुष्कळदा आधीच सावध करते. यात लागतात काही मिनिटं, आणि सुई नाही की टाका नाही. वेळेवर कळलं तर रोजच्या थेंबांनी बहुतेकांची उरलेली नजर टिकते.

चाळिशी ओलांडली असेल, तर पुढच्या वेळी चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा: दाब बघा, आणि मागची नसही बघा. घरात कुणाला काचबिंदू निघाला असेल, तर सख्ख्या भावाबहिणींना सोबत घेऊन जा.