स्त्री-अभ्यास (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर)

स्त्रियांचे श्रम, इतिहास आणि अनुभव यांचा, तसेच लिंगभावाचा, म्हणजे समाज माणसाला बाई किंवा पुरुष म्हणून कसे घडवतो याचा, अभ्यास करणारी विद्याशाखा. परिसरातल्या महाविद्यालयांत हा विषय बहुधा समाजशास्त्राच्या एखाद्या पेपरातून किंवा महिला विकास कक्षाच्या कार्यक्रमांतून भेटतो. पुढे शिकायचे तर गाडी पकडावी लागते.

भारतात या शाखेचा पाया मुंबईत घातला गेला. १९७४ मध्ये नीरा देसाई यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्रीविषयक संशोधन विभाग सुरू केला. त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर उतरल्याचे देशासमोर मांडले गेले. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही १९८१ मध्ये याच विद्यापीठात भरली.

पुणे विद्यापीठाचे स्त्री-अभ्यास केंद्र १९८७ चे. मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. तेथे शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी जात बाजूला ठेवून स्त्रीप्रश्न समजत नाही हे वर्गात आणि लेखनात ठामपणे मांडले. इंग्रजी अडखळत वाचणारी मुलगी ज्ञानात मागे नसते, ही त्यांच्या अध्यापनाची धारणा होती. शिक्षणाविषयीच्या आपल्या निबंधासाठी त्यांनी जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ च्या नाटकाचे नाव घेतले, ते उगाच नव्हे.

बदलापूर ते मुंबई हे लोकलचे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जायचे तर कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर मार्गाने गोवंडी. महिला विद्यापीठाच्या जुहू संकुलासाठी दादरहून पश्चिम रेल्वे. घरचे पाणी, डबे उरकून निघणाऱ्या मुलीला हा प्रवास प्रवेशपरीक्षेइतकाच अवघड जातो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा या विषयातील दूरशिक्षणाचा एम.ए. म्हणूनच अशांच्या उपयोगाचा आहे, पण वर्गातल्या वादाची जागा तो घेऊ शकत नाही.

अभ्यासाची सामग्री मात्र इथे दाराशी आहे. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांचे धागे कापणाऱ्या बायकांचे काम तुकड्यावर मोजले जाते. तिथे घरकाम आणि मजुरी यांच्यातली रेघ पुसट होते. शाळेतील लहान मुलींवरील अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक तासन्‌तास रुळांवर बसले. तक्रार घेणारी यंत्रणा मुलींचे कसे ऐकते, हा त्यामागचा प्रश्न अभ्यासाचाच आहे.

सर्वांत निकडीचे काम फाळणीच्या स्मृतींचे. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवले गेले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. फाळणीतल्या स्त्रियांवर उर्वशी बुटालिया, तसेच रितू मेनन आणि कमला भसीन यांची पुस्तके १९९८ मध्ये आली, पण त्यांचा भर पंजाबवर आहे. बराकींत पडदे लावून संसार मांडणाऱ्या, पापड-लोणची करून घर चालवणाऱ्या सिंधी बायकांच्या आठवणी अजून विखुरलेल्या आहेत. त्या बायका आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या पिढीची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेली. नातवंडांपैकी बहुतेकांना ती वाचता येत नाही.