दोन बाइटची मोजदाद आणि दहा वर्षं झोपलेला बग

आज गोष्ट एका छोट्या आकड्याची: ६५,५३५. सोळा बिटांच्या डब्यात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. त्यात आणखी एक मिळवा, उत्तर येतं शून्य. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर परत शून्यावर यायचा ना, तसंच. यालाच म्हणतात इंटिजर ओव्हरफ्लो.

आता चला १९९६ मध्ये. टीसीपीमध्ये एक सोय आली, सॅक. आधी मधलं एखादं पॅकेट हरवलं, की त्याच्या पुढची कुठली पोचली हे पाठवणाऱ्याला नीट कळायचं नाही. सॅकमुळे घेणारा सांगू लागला, "हे हे तुकडे मिळाले, मधला तेवढा परत पाठव." सोय झकास होती, म्हणून सगळीकडे रुळली.

मार्च २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ आलं. मिळाल्याची पोच आलेले शेजारशेजारचे तुकडे कर्नल आता एकाच बफरमध्ये एकत्र करू लागला. त्या बफरसोबत एक मोजणी असते: यात टीसीपीचे सेगमेंट किती? नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर मोठ्या पॅकेटचे तुकडे पाडतात, त्यासाठीही हा आकडा लागतो. आणि तो ठेवला होता सोळा बिटांत. एका पॅकेटमध्ये पासष्ट हजार सेगमेंट कोण कोंबणार? कुणालाही हेच वाटलं असतं.

पण जरा हिशोब करू या. एका बफरमध्ये जास्तीत जास्त १७ तुकडे, नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर प्रत्येक ३२ किलोबाइटपर्यंत. म्हणजे ५,५७,०५६ बाइट. समोरचा क्लायंट मुद्दाम म्हणाला, "मला अगदी छोटे सेगमेंट दे", तर कर्नल ४८ बाइटपर्यंत खाली उतरायचा. त्यातले ४० टीसीपीच्या ऑप्शन्सनी खाल्ले, तर डेटाला उरले फक्त ८. आता भागा: ६९,६३२ सेगमेंट. डब्यात मावतात ६५,५३५. काटा फिरला!

पुढे काय झालं? कोडमध्ये एक तपासणी होती: जेवढे सेगमेंट काढायचेत, तेवढे मोजणीत आहेत ना? नसतील तर कर्नलने जागच्या जागी थांबायचं. म्हणजे थेट कर्नल पॅनिक, अख्खं मशीन बंद. पासवर्ड नको, लॉगिन नको. दूरवरून कुणीही सर्व्हरकडून डेटा मागवायचा आणि ठरवून केलेल्या सॅक परत पाठवायच्या.

नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी हे शोधलं, आणि १७ जून २०१९ ला ते पॅचसकट जाहीर झालं. नाव पडलं 'सॅक पॅनिक'. तोवर बग दहा वर्षांचा झाला होता. ज्यांना लगेच पॅच लावता येत नव्हता, त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय होता सॅकच बंद करण्याचा.

गूगलच्या एरिक डुमाझे यांचा पॅच बघा, किती साधा आहे. डबा मोठा केला नाही. दोन बफर जोडायच्या आधीच विचारलं: दोघांची बेरीज ६५,५३५ च्या वर जाते का? जात असेल तर जोडूच नका. जुनी तपासणी ओव्हरफ्लो होऊन गेल्यावर ओरडायची, नवी तो होऊच देत नाही.

इथे एक गोम आहे. सी भाषेत सोळा बिटांच्या दोन संख्यांची बेरीज मोठ्या इंटिजरमध्ये होते, म्हणून ही तपासणी चालते. पण बत्तीस बिटांच्या दोन अनसाइन्ड लांब्या असतील, तर "अ + ब मर्यादेपेक्षा मोठं का?" हे विचारतानाच बेरीज फिरू शकते. अशा वेळी आधी अ मर्यादेत आहे का ते बघायचं, मग विचारायचं, "ब हा मर्यादा वजा अ पेक्षा मोठा का?" २०१८ मध्ये लिनक्स ४.१८ मध्ये बेरीज-गुणाकार सुरक्षित करायचे तयार मॅक्रोही आले. ड्रायव्हर लिहिताना तेच वापरा.

आणि लक्षात ठेवा, नेटवर्कवरून आलेला प्रत्येक आकडा परक्याने दिलेला असतो. "एवढं कोण पाठवेल?" असं मनात आलं, की कागद घ्या आणि भागाकार करून बघा.